गाळ मोजायची काठी

१

खंडेनवमीला तलवार पुजणारी मराठ्यांची घरं ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत अजूनही चार-दोन आहेत. पण तलवारीशेजारी संडासाच्या टाकीची काठी ठेवून तिलाही हळदकुंकू वाहणारं घर एकच, ते दौलतसिंह जगदाळ्यांचं. कॉलनीत याची चेष्टा व्हायची आणि ती दौलतसिंहांच्या कानावरही यायची. पण चेष्टा करणाऱ्यांच्या टाक्या कधी काळी तुंबल्या होत्या आणि त्या वेळी ते कोणाकडे धावत आले होते, हे दौलतसिंहांना चांगलं आठवत होतं. त्यामुळे ते मिशीत हसत आणि काठीला आणखी एक झेंडूचं फूल वाहत.

यंदाही शांताताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, ताट पुढे करता करता नाक मुरडलंच.

"अहो, देवापुढे हे काय? जनाची नाही तर मनाची तरी."

"धुतलेली आहे. फडकं नवं बांधलंय," दौलतसिंह म्हणाले. "आणि ही तलवार शिंद्यांच्या फौजेत होती, मान्य. पण त्यानंतर तिनं काकडीसुद्धा कापलेली नाही. या काठीनं निम्मी कॉलनी वाचवली आहे."

सगळी नोकरी त्यांनी सरकारी खात्यात ओव्हरसियर म्हणून पाण्याच्या आणि मैल्याच्या कामावर काढली होती. हे सांगताना त्यांचा आवाज कधी खाली यायचा नाही. लोक मुलांच्या पगाराचा अभिमान बाळगतात, दौलतसिंह आपल्या टाकीचा बाळगायचे. आतून गुळगुळीत गिलावा, वर ग्वाल्हेरी दगडाची फर्शी, एका कोपऱ्यात काठी घालण्यापुरतं भोक आणि त्याला पितळी बूच. घर बांधताना दिवाणखान्याला लागला नसेल एवढा वेळ त्यांनी टाकीला दिला होता.

सून स्मृती चहा घेऊन आली. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत जगजाहीर. तिचं माहेरही लांब नव्हतं, शिंदे की छावनीत. पण दौलतसिंहांनी भर पंगतीत जाहीर करून टाकलं होतं की जगदाळ्यांचा नातू किंवा नात जगदाळ्यांच्याच घरात येईल. वरच्या मजल्यावर त्यासाठी नवी खोली आणि न्हाणीघरही बांधून झालं होतं. विहीणबाई रुसल्या, पण यांनी शब्द फिरवला नाही.

"बघ सूनबाई," ते काठी पुसत म्हणाले, "टाकी म्हणजे जादू नव्हे. तिच्यात जे येतं त्याचे तीन थर होतात. जड असतं ते तळाला बसतं, तो गाळ. तेलकट, हलकं असतं ते वर धरतं, दुधावर साय धरते तसं. मधलं पाणी तेवढं पलीकडच्या शोषखड्ड्यात जातं आणि ते जमीन पिते. गाळातला काही भाग जिवाणू खातात. सगळा नाही खात. उरलेला वर्षागणिक चढतो. तिसरा हिस्सा भरला की उपसायची टाकी. वाट बघायची नाही. आळस केला की गाळ शोषखड्ड्यात शिरतो, जमिनीचं तोंड बंद होतं, आणि मग सगळं उलटं घरात येतं."

"आबासाहेब," स्मृती म्हणाली, "मैं चाय पी रही हूँ."

दौलतसिंह खो खो हसले. सुनेनं तोंडावर बोललेलं त्यांना आवडायचं.

२

जेवणं झाल्यावर ते काठी घेऊन परसात गेले. पूजा झाल्यावर गाळ मोजायचा हा त्यांचा नेम होता.

काठी आत सोडायची ती सावकाश. तळाला टेकली की थोडं थांबायचं, फडक्याला गाळ धरू द्यायचा, आणि मग तितक्याच सावकाश वर घ्यायची. झटका दिला की रेघ फिसकटते. वर आली की फडक्यावर काळा पट्टा स्पष्ट दिसतो, गाळ कुठवर आहे ते सांगणारा. दर वर्षीची रेघ ते तापल्या सळईनं बांबूवर डागून ठेवत.

यंदा उपसायचं वर्ष होतं. टँकर सांगून ठेवला होता. काठी वर आली, दौलतसिंहांनी चष्मा सारखा केला आणि पट्ट्याकडे पाहत राहिले. पट्टा गेल्या वर्षीच्या डागाच्या खाली होता. त्याच्या आदल्या वर्षीच्याही खाली. तळाला बोटभर काळसर ओल, आणि वर पांढरं फडकं.

त्यांनी पुन्हा मोजलं. जागा बदलून आणखी एकदा मोजलं. गाळ उतरला होता.

आता दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. पण ज्याला ठाऊक असतं त्यालाच भीती असते. गाळ आपल्या पायांनी कुठे जात नाही. तळाला तडा गेला असेल तर तो जमिनीत झिरपला असणार, आणि परसात पलीकडे बोअरचं पाणी होतं, जे स्मृती पीत होती. दौलतसिंहांनी बाजारातून लाल दवा, म्हणजे पाण्याला लाल रंग देणारी पूड, आणली, टाकीत ओतली आणि बोअरच्या पाण्यात रंग उतरतो का ते बघायला ते पेल्यांत भरून खिडकीत मांडलं. पाणी काचेसारखं स्वच्छ निघालं, पुढच्या दिवशीही आणि त्याच्या पुढच्याही. टाकीतल्या पाण्याची पातळीही केसभर हलली नव्हती. तडा नव्हता.

टँकर आला. चालक मोहितनं पाईप सोडला, यंत्र घरघरलं, आणि थोड्याच वेळात त्यानं ते बंद केलं.

"साहब, इसमें तो पानी ही पानी है. आपके यहाँ लोग खाते क्या हैं?"

त्यानं पाणी ओढून घेतल्यावर दौलतसिंहांनी मोहितला हाताशी घेऊन पहारीनं मोठी फर्शी सरकवली आणि बॅटरीचा झोत आत टाकला. तळ दिसत होता. नुसता दिसत नव्हता, चकाकत होता. कोपरेसुद्धा घासलेले होते.

"उतरके देखूँ?" मोहितनं विचारलं. "बास भी नहीं है."

"माझ्या देखत आजवर एकही माणूस टाकीत उतरलेला नाही," दौलतसिंह हिंदीत कडाडले. "वास नसला म्हणजे वायू नसतो असं तुला कोणी सांगितलं? फर्शी ओढ."

कॉलनीत मात्र बातमी पसरली. जगदाळ्यांच्या टाकीत मैलाच साठत नाही, याला म्हणतात काम. संध्याकाळी दोघे-तिघे मुद्दाम बघायला आले. दौलतसिंहांनी छाती पुढे काढून गिलाव्याची कृती सांगितली. अभिमान खोटा नव्हता. फक्त बोलता बोलता त्यांच्या मनात येत राहिलं की कोपरे घासायला हात लागतो.

३

आवाज आला तो दुपारी, घर वामकुक्षीत असताना.

टाकीतला वायू बाहेर जावा म्हणून हवेचा एक पाईप भिंतीला धरून थेट गच्चीच्या वरपर्यंत नेलेला असतो. दौलतसिंहांची खाट त्याच भिंतीला लागून होती. त्या भिंतीतून त्यांना आधी घासल्याचा आवाज आला. मग एक हलका ठोका. मग काही नाही. थोड्या वेळानं पुन्हा घासल्याचा, पण या वेळी वरून खाली.

पालींचे, उंदरांचे, तापलेल्या पाईपाचे आवाज त्यांना पाठ होते. यातला हा नव्हता. हा बांबूचा आवाज होता. काठी तळाला टेकते तेव्हा हाताला जो ठोका लागतो, तोच आता कानाला लागला होता.

ते उठून परसात गेले. पितळी बूच भोकाशेजारी नीट पालथं ठेवलेलं होतं, आणि भोकातून काठीचं टोक वीतभर वर आलेलं होतं. टोकाला पांढरं फडकं गुंडाळलेलं.

"संग्राम," त्यांनी मुलाला हाक मारली, "माझी काठी कोणी घेतली?"

संग्रामसिंह कामावर गेला होता. दौलतसिंह स्वतःच आत आले. त्यांची काठी बोळात आपल्या खुंट्यांवर आडवी होती, डागांसकट. ते तसेच परतले तेव्हा बूच भोकात घट्ट बसलेलं होतं.

त्यांनी ते उपटून आत पाहिलं. पाणी शांत होतं.

मग त्यांनी स्वतःला झापलं. वय झालं, दौलतसिंह. वायूच्या दाबानं एखादं ढलपं वर आलं असेल, झोपेतून उठलेले डोळे त्याचं काय वाटेल ते करतात. फडकं? साय चिकटली असेल. बूच? बूच तुम्हीच लावून गेलात. सगळ्याला उत्तर मिळालं, आणि एकही उत्तर त्यांना पटलं नाही. घरात त्यांनी अवाक्षर काढलं नाही. टाकीबद्दल सगळ्या कॉलनीला शिकवणारा माणूस टाकीला घाबरला, हे त्यांना कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

४

"आबासाहेब," गच्चीवरून स्मृतीची हाक आली, "तुमची काठी पाईपमध्ये किसने डाली?"

दौलतसिंह जिने चढले ते धापा टाकतच. स्मृती वाळलेले कपडे खांद्यावर टाकून उभी होती आणि हसत होती. हवेच्या पाईपाच्या तोंडावरची जाळी काढून कठड्यावर ठेवलेली होती. पाईपातून बांबूचं टोक बाहेर आलं होतं.

"मीच," दौलतसिंह म्हणाले. "पाईप साफ करतोय. तू खाली जा, ऊन लागेल."

ती गेल्यावर त्यांनी बांबूला हात लावला. कोरडा होता. टाकीच्या तळापासून गच्चीपर्यंत इतका लांब बांबू कुठे मिळतो, हा विचार त्यांनी बाजूला सारला. त्यांनी तो वर ओढला आणि तो सहज वर आला. खालपर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं, एकसारखं, कुठे सुरकुती नाही. हाताखालून पांढरं फडकं वर येत राहिलं, आणि मग रेघ लागली.

काळी नव्हती. हळद आणि चहा यांच्या मधला काहीतरी रंग होता. दौलतसिंहांनी वाकून वास घेतला. फोडणीचा वास होता. शिकेकाईचा होता, उन्हातल्या गोधडीचा होता, शांताताईंच्या उदबत्तीचा होता. वरच्या खोलीतल्या ताज्या रंगाचाही होता. माणसांचा वास, राहत्या घराचा. त्यांचं घर त्या फडक्याला लागून आलं होतं.

बांबू आत असताना ती रेघ घरात कुठे येते हे त्यांनी नजरेनं मोजलं, कारण नजरेला सवयच ती. रेघ वरच्या मजल्याच्या जमिनीच्याही वर होती, स्मृतीच्या खाटेच्या उंचीला.

मग बांबू त्यांच्या हातातून खाली जाऊ लागला. हिसका नाही, घाई नाही. खालून कोणीतरी तो अगदी सावकाश ओढून घेत होतं, रेघ फिसकटू नये म्हणून. खरं सांगायचं तर त्या क्षणीही दौलतसिंहांमधल्या ओव्हरसियरला दाद द्यावीशी वाटली. असं ओढणारा हात त्यांनी सबंध नोकरीत आपल्याखेरीज दुसरा पाहिला नव्हता.

५

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आणि सकाळी त्यांनी न्याहारीलाच सांगून टाकलं.

"सूनबाईला माहेरी पोचवा. आजच."

शांताताईंच्या हातातलं उलथनं तव्यावर थांबलं. "अहो, पण तुम्हीच ना म्हणालात..."

"म्हणालो होतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही रीत आहे. रीत मोडायला मी कोण?"

संग्राम बापाकडे बघत राहिला. त्याच्या जाणतेपणी या माणसानं शब्द फिरवलेला नव्हता. "आबासाहेब, सासूबाईंसमोर नाक कापलं जाईल. खोली तयार आहे, सगळ्यांना सांगून झालंय."

"कापलं जाऊ दे. तूही तिथेच राहा, बाळ होईपर्यंत."

"आणि तुम्ही दोघं?"

दौलतसिंहांनी शांताताईंकडे पाहिलं. "तुम्हीही जा," ते म्हणाले.

"विहिणीच्या घरी मी पाहुणी जाऊन राहू? स्वतःचं घर असताना?" शांताताईंनी पोळी उलटली. "काहीतरीच तुमचं."

तिथे त्यांचं काही चाललं नाही. खरं कारण सांगावं तर ते सांगायला शब्द नव्हते, आणि शब्द असते तरी शांताताईंनी त्यांना डॉक्टरकडेच नेलं असतं. खालून कोणीतरी घरातली माणसं गाळासारखी मोजत होतं, घर पोटापर्यंत भरलं होतं, आणि भरलेल्याचं काय करायचं ते दौलतसिंहांइतकं कोणाला ठाऊक होतं? वाट बघायची नाही, हे वाक्य त्यांनी सभासभांतून इतकं सांगितलं होतं की आता ते त्यांच्याच डोक्यात वाजत होतं. निघताना स्मृती पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांना एवढं वाईट वाटलं की ते आशीर्वादच विसरले.

वरची खोली रिकामी झाली. शेजारच्यांनी विचारलंच, "काय जगदाळेसाहेब, बाळ तर इथे येणार होतं ना?" दौलतसिंह हसून म्हणाले, "रीतीपुढे कोणाचं चालतं?" असं हसणं त्यांना आयुष्यात कधी जमवावं लागलं नव्हतं.

६

त्यानंतर ते दुपारी गच्चीवर खुर्ची टाकून बसू लागले. शांताताईंना सांगितलं, कोवळं ऊन खातो. भर दुपारी कोवळं ऊन कुठलं, पण त्यांनी नवऱ्याचे लहरी दिवस पूर्वीही पाहिले होते.

एका दुपारी पाईपातून ठोका आला. जाळी आतून उचलली गेली आणि बांबूचं टोक वर आलं. दौलतसिंहांनी ते धरलं, हळूहळू ओढलं. पांढरं फडकं आलं, आणखी पांढरं आलं, येतच राहिलं. हात भरून आले तेव्हा रेघ लागली. खाली, खूप खाली. तळमजल्याच्या खिडकीच्या खालच्या चौकटीशीच. तिसऱ्या हिश्शाच्या आत.

माणसं गेली तशी रेघ उतरली होती. बरोबर निघालं होतं. कोणाला सांगता येणार नव्हतं, पण हिशोब बरोबर निघाला होता. खालून ओढ लागली तेव्हा त्यांनी बांबू आपण होऊन सावकाश सोडला, एका जाणत्यानं दुसऱ्या जाणत्याला सोडावा तसा. टाकी भरलेली नसली की तिला कोणी हात लावत नाही. दोन म्हाताऱ्यांचं घर आता कोण उपसायला येणार? ते खुर्चीत ताठ बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"ऐकलंत का," खालून शांताताईंनी हाक मारली. त्यांच्या हातात फोन होता. "शिंदे की छावनीत अनर्थ झालाय. विमलताईंची टाकी उलटली. सगळं उलटं न्हाणीघरात आलंय, अंगणातसुद्धा. जन्मात कधी उपसलीच नव्हती म्हणे."

दौलतसिंह कठड्यापाशी आले. लग्नाच्या बैठकीतच त्यांनी विहीणबाईंना, म्हणजे याच विमलताईंना, बजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

"पोर अशा घाणीत कशी राहणार?" शांताताई बोलतच होत्या. "मी म्हटलं, सगळे इकडेच या. विमलताई, त्यांचा मुलगा, सगळे. आपल्या टाकीला काय धाड भरलीये? निघालेत ते. पोचतीलच आता."

परसातून दगडावर दगड घासल्याचा आवाज आला. बुचाचा नव्हता. मोठी फर्शी सरकत होती, जी सरकवायला पहार आणि दोन गडी लागतात.

७

साठी उलटलेला माणूस जिना कसा उतरतो हे दौलतसिंहांना त्या वेळी कोणी विचारू नये. ते फाटकाशी पोचले तेव्हा संग्रामची गाडी वळण घेत होती. त्यांनी फाटक ओढलं, आतून कडी घातली आणि वर हात ठेवून उभे राहिले.

"आबासाहेब?" संग्रामनं काच खाली केली. मागे स्मृती बसली होती, शेजारी विमलताई पदर नाकाला लावून आणि त्यांचा मुलगा. "फाटक उघडा ना."

"गाडी वळव."

"काय?"

"हॉटेलात ने तिला, दवाखान्यात ने, स्टेशनवर बसव. या फाटकाच्या आत तिचं पाऊल पडता कामा नये. आजही नाही, बाळ झाल्यावरही नाही."

विमलताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भर रस्त्यात, व्याह्याच्या दारात असा अपमान. पलीकडच्या बंगल्यातली माणसं व्हरांड्यात येऊन बघू लागली. सगळी कॉलनी ज्याला मान देई तो माणूस गरोदर सुनेला दारातून हाकलत होता, आणि ते सगळे पाहत होते. दौलतसिंहांची मान ताठच राहिली.

स्मृती मात्र रागावली नव्हती. ती खिडकीतून त्यांच्या खांद्यावरून आत पाहत होती.

"आबासाहेब," ती म्हणाली, "आज टाकी साफ करवा रहे हो क्या? मागे इतके लोग आहेत."

दौलतसिंहांनी मागे पाहिलं नाही. "किती?"

"नीट दिसत नाहीत. सगळ्यांनी डोक्यापासून पांढरं फडकं गुंडाळलंय." ती खिडकीतून आणखी वाकली. "एक जण तर स्वयंपाकघराचं दार उघडं धरून उभा आहे. आईसाहेबांसाठी."

आता संग्रामनंही तिकडे पाहिलं. त्याला काय दिसलं ते त्यानं पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. त्याचा हात गिअरवर गेला आणि तिथेच राहिला.

"आईसाहेब आत आहेत," तो म्हणाला.

"त्यांच्याजवळ मी आहे," दौलतसिंह म्हणाले. "तू तुझ्या बायकोजवळ राहा. चल, वळव."

गाडी वळली. मागच्या काचेतून स्मृतीचा चेहरा दिसत होता तोवर ते फाटकाला धरून उभे राहिले. पोर बाहेर होती, तिच्या पोटातलं बाहेर होतं, आणि ते त्यांनी बाहेर ठेवलं होतं. त्याचा त्यांना जो अभिमान वाटला तसा कुठल्याही गिलाव्याचा कधी वाटला नव्हता.

मग त्यांनी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि घराकडे वळले.

"शांताबाई," त्यांनी हाक मारली.

आतून ओ आली, शांताताईंचीच, नेहमीची. फक्त ती जमिनीच्या बरीच खालून आली. दौलतसिंह चालत राहिले.